सावड : यजमान गावांचा जाहीरनामा

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या भिंतीवर अकरा ते पंधराचे पाढे रंगवलेले आहेत. त्यातला चौदाचा पाढा २०२१ च्या ऑगस्टपासून वाचता येत नाही. तिथे काजळीचा पट्टा आहे, खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला. त्या जागी तीन दगडांची चूल पेटत होती.

या काजळीवरून देवळात गावकी बसली आणि दोन तास बोलणं झालं. भिंत कोण रंगवून देणार, रंगाचे पैसे ग्रामपंचायतीने घालायचे की त्या लोकांकडून घ्यायचे, शाळेत चूल पेटवायला परवानगी कुणी दिली. ज्या बाईने ती चूल पेटवली तिची सून अकरा दिवसांची बाळंतीण होती, तिला शेकायला गरम पाणी लागत होतं, आणि दिलेला सिलिंडर आदल्या दिवशी संपला होता. हे त्या दोन तासांत कुणी बोललं नाही. आम्हीही बोललो नाही. म्हणून हा जाहीरनामा लिहायचं काम आमच्यावर आलं आहे.

२२ जुलै २०२१ हा दिवस सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना कुणी विसरणार नाही. महाड तालुक्यात तळियेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर उतरला. चिपळूण पाण्यात होतं. आमच्या वरच्या वाडीत कुणी दगावलं नाही, पण वाडीच्या डोक्यावर डोंगराला लांबच लांब भेग पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस कुटुंबांना खाली आणायचं ठरलं. गावाचं नाव आम्ही इथे देत नाही. पुढे जे लिहिलं आहे ते एका गावाचं उणं म्हणून वाचलं जाऊ नये. आजूबाजूच्या गावांत थोड्याफार फरकाने हेच घडलं.

लावणीचे दिवस होते. माणसं चिखलाच्या हातांनी तशीच वर गेली. म्हाताऱ्यांना घोंगडीच्या झोळीत घालून उतरवलं. बचत गटाच्या बायकांनी पहिल्या दिवशी किती भाकऱ्या थापल्या ते कुणी मोजलं नाही. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती, शाळा भरत नव्हती, म्हणून वर्ग रिकामे मिळाले. कुणी सतरंज्या आणल्या, कुणी लुगडी, एका घरातून रोज सकाळी चरवीभर दूध यायचं. तीन दिवस गाव एका घरासारखं वागलं. आम्हाला त्या तीन दिवसांचा अभिमान आहे.

मग बोलणं बदललं. आधी कुजबुज, की त्यांच्यात कुणाला ताप आहे म्हणे. मग पाणवठा. वीज नसल्याने नळयोजना बंद, विहिरीला गढूळ पाणी, चालू असलेला हातपंप एकच, आणि त्याच्यापुढची हंड्यांची रांग दुप्पट. मग मदतीचे टेम्पो. बाहेरून येणारा शिधा, चादरी, ताडपत्र्या शाळेत उतरायच्या. शाळेच्या समोर एक कुडाचं घर आहे, ते घरकुलाच्या यादीत कित्येक वर्षं नाव लावून बसलं आहे. त्या पावसात त्या घरात गळतीखाली भांडी मांडलेली होती. टेम्पो त्यांच्या दारावरून जायचा. त्या घरातली बाई एके दिवशी म्हणाली, ‘आमच्यावर पण डोंगर यायला पाहिजे होता.’ ऐकणाऱ्यांनी तिला नावं ठेवली. आम्हाला वाटतं, निवारा देणाऱ्या गावाच्या मनात काय चालतं ते तिच्या त्या एका वाक्यात होतं, आणि ते कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं.

त्या सकाळी एका आजीला पाठुंगळी घेऊन मांडीएवढ्या ओढ्यातून उतरलेला माणूस आणि बाराव्या दिवशी देवळात उभा राहून ‘आता यांचं काय ते बघा, शाळा मोकळी करा’ म्हणणारा माणूस, हा एकच माणूस आहे. तो आज आमच्यात आहे आणि हा मजकूर त्याने वाचून पास केला आहे. बाहेरून पाहणारे म्हणतात, गावात दोन तट पडले, काही दयाळू आणि काही दगडाच्या काळजाचे. तसं नव्हतं. दोन्ही तट प्रत्येक घरात होते, आणि बहुतेक वेळा एकाच माणसाच्या पोटात होते. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई’ ही म्हण आपल्याच आजीने आपल्याला शिकवलेली आहे. पाहुणचाराला मुदत असते हे आपल्या हाडीमासी आहे. आणि वरच्या वाडीतल्यांना आम्ही पाहुणे म्हणूनच आणलं होतं. किती दिवसांसाठी, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. पत्ता नसलेल्या मुदतीवर माणूस चांगलं वागू शकत नाही. तो आठ दिवस वागतो, पंधरा दिवस वागतो, आणि मग स्वतःलाच ओळखू येत नाही असं काहीतरी बोलून जातो.

पुढे गायरानात पत्र्याची शेड टाकायचा विषय आला. विरोध झाला, आणि तो सधन घरांतून झाला नाही, कारण त्यांना गायरानाची गरजच नाही. विरोध केला तो ज्यांना सातबाऱ्यावर एक गुंठा नाही आणि ज्यांच्या चार-सहा शेळ्या त्या गायरानावर जगतात त्यांनी. हे आम्ही ठळक करून सांगतो, कारण ‘गावकऱ्यांचा विरोध’ अशी बातमी छापून येते तेव्हा त्या गावकऱ्याच्या हातात शेळीचं दावं आहे हे त्यात येत नाही. आपत्तीत घर गेलेल्या माणसाला जागा द्यायची वेळ आली की गावातली सगळ्यात गरीब माणसं ज्या जमिनीवर जगतात तीच आधी दिसते. बाकीच्यांची दानत मग फुकटात होते.

शेड झाली नाही. दिवाळीनंतर नऊ कुटुंबं परत वर गेली, त्याच भेगेखाली. त्यांना कुणी हाकललं नाही. राहा, असंही कुणी म्हटलं नाही. बाकीच्यांपैकी काही मुंबईला नातेवाइकांकडे गेले, काही खालच्या बाजारगावात भाड्याने राहिले, पाच कुटुंबं आमच्यात आहेत. दर पावसाळ्यात रात्री जोराचा पाऊस लागला की त्या नऊ घरांकडे बॅटरी लुकलुकते का ते आम्ही खालून बघतो. ही लाज आमची आहे. यजमान गावांची ही चळवळ तिथून निघाली.

मग आम्ही आपल्याच राज्यातली आजवरची उदाहरणं पाहिली, वाचली, जिथे जमलं तिथे जाऊन आलो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. तेव्हा गावाबाहेरच्या माळावर, टेकडीच्या पायथ्याला पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं आज पुण्यात पत्ता म्हणून घेतली जातात, आपत्ती म्हणून नाही. पुण्याने आपलीच माणसं आपल्यातच सामावून घेतली ही त्या शहराची मोठी गोष्ट आहे. पण त्या घरांखालच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न पुढे अर्धशतकाहून जास्त रेंगाळला. आजोबांना छप्पर मिळालं आणि नातू मालकीच्या कागदासाठी चकरा मारत राहिला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. माळवदाची घरं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं संपूर्ण नव्या जागी वसवली गेली. सरकारने, जागतिक बँकेने, देशभरातल्या संस्थांनी केलेलं ते काम छोटं नव्हतं, आणि आम्ही त्याची किंमत कमी करत नाही. पण घर किती मोठं ते जमिनीवर ठरलं. भूमिहीनाला आणि एक हेक्टरच्या आतल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, आणि सात हेक्टरच्या वरच्याला ७५०. भूकंपाने मोठा-छोटा पाहिला नव्हता, पुनर्वसनाने तो परत पाहिला. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, एका घरातला खोकला दुसऱ्या घरात कळायचा. नव्या गावात रस्ते आखीव आणि रुंद झाले, शेजार लांब गेला. शेजार कसा बांधायचा याचं माप कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

त्याच किल्लारीतून एक गोष्ट अशी निघाली की ती आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. भारतीय जैन संघटनेने, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, भूकंपात सापडलेल्या भागातली बाराशे मुलं पुण्याला शिकायला आणली. चार दिवसांचा शिधा देऊन ते थांबले नाहीत, मुलांच्या शाळेची वर्षं त्यांनी पत्करली. मदतीला मुदत होती आणि ती मुदत आधी ठरलेली होती, मुलाचं शिक्षण पुरं होईपर्यंत. पत्करणं म्हणजे काय ते आम्ही तिथे शिकलो.

३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव नाहीसं झालं. एसटीच्या चालकाला रोज दिसणारं गाव दिसलं नाही, म्हणून बाहेरच्या जगाला कळलं. १५१ माणसं गेली. उरलेल्यांचं नवं गाव आमडे गावाच्या हद्दीत बांधलं गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये घरांच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे दोन वर्षं आठ महिने. एवढा काळ पत्र्याच्या शेडमध्ये काढलेल्या माणसांना पहिल्याच पावसात नव्या रस्त्यांना आणि भिंतींना तडे गेलेले पाहावे लागले. डोंगराच्या भीतीने जागा सोडलेल्या माणसाला नव्या घराची भिंत चिरलेली दिसते तेव्हा त्याच्या पोटात काय होतं ते आमच्या वरच्या वाडीला विचारा.

आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. खालापूर तालुक्यातली ठाकरांची वाडी, इर्शाळगडाच्या कुशीतली, जिथे गाडीचा रस्ता नव्हता आणि यंत्रं पोचली नाहीत, माणसांनी फावड्या-घमेल्यांनी माती उपसली. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि मग शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं, मग सिडकोने पक्की वसाहत बांधली. माळीणपेक्षा हे काम पुष्कळ वेगाने झालं. पण इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. ही गोष्ट आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. यादीत नाव आल्यावर तयारी करू म्हणणाऱ्याने ही एक वाडी डोळ्यांपुढे ठेवावी.

पूर मात्र वेगळं शिकवतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांना पाण्याची सवय आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सवयही कमी पडली. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. पण त्या पुरात शाळा, मंगल कार्यालयं, मठ-मशिदी, साखर कारखान्यांची आवारं ज्या तऱ्हेने उघडली गेली ती तऱ्हा एका दिवसात येत नाही. काठावरचा माणूस जाणतो की या खेपेला पाणी तुझ्या दारात आहे, पुढच्या खेपेला माझ्या. आणखी एक गोष्ट तिथे शिकायला मिळाली. गोठ्यात जनावर बांधलेलं असताना माणूस बोटीत बसत नाही. ज्या निवाऱ्यात म्हैस घेता येते तिथे माणूस वेळेवर येतो.

दुष्काळाने उठलेल्याला तर आपण विस्थापित म्हणतसुद्धा नाही, ‘कामाला आलेला’ म्हणतो. दुष्काळाला कोसळण्याची तारीख नसते, म्हणून त्याच्या माणसाला यजमानही नसतो. त्याच्याबद्दल या जाहीरनाम्यात पुरेसं लिहिलेलं नाही. ते काम मराठवाड्यातल्या साथींनी हातात घ्यावं, आम्ही त्यांच्या मागे येऊ.

या सगळ्यातून आम्ही एका जुन्या शब्दापाशी आलो. आमच्याकडे लावणीला सावड करतात. आज माझ्या खाचरात तू, उद्या तुझ्या खाचरात मी. मराठवाड्यात यालाच जवळची इर्जिक आहे. सावडीला मजुरी नसते, पण ती फुकटही नसते. तिच्यात हिशेब असतो, तो मनात ठेवतात आणि फेडतात. जो येतो तो उपकार करायला येत नाही, जो बोलावतो तो हात पसरत नाही. एकाच चिखलात दोघं वाकतात. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी आपण सावडायला सगळे जातो, त्यात कधी चूक होत नाही. जिवंत राहिलेल्यांच्या सावडीला किती जण थांबतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

निवारा ही सावड आहे. त्यात दया कमी आणि व्यवहार जास्त असला पाहिजे, आणि तो व्यवहार पाऊस पडायच्या आधी ठरला पाहिजे. आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

म्हणून आम्ही आमच्यापुरतं असं ठरवलं आहे. प्रत्येक डोंगरी वाडी आणि प्रत्येक पूररेषेतली आळी, ती सरकारी यादीत असो नसो, एका यजमान गावाशी जोडलेली असेल. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना एप्रिल-मेमध्येच पाहिलेलं असेल. वाडीत म्हातारी माणसं किती, अंथरुणाला खिळलेले कोण, पोटुशी कोण, जनावरं किती, हे यजमान गावच्या आशाताईच्या वहीत असेल. शाळेत किती दिवस, हा आकडा लिहिलेला असेल. आमचा आकडा एकवीस दिवस आहे. त्यानंतर शाळा मुलांची. बाविसाव्या दिवशी माणसं कुठे जाणार ती जागा त्याच कागदावर असेल, आणि त्या जागेत पाणी कुठून येणार तेही.

गायरान द्यायचं तर त्यावर चरणाऱ्या जनावरांच्या मालकांना आधी विचारायचं, त्यांच्या चाऱ्याची सोय आधी लावायची, आणि मगच बाकी गावाने हात वर करायचा. ज्यांचं काही जात नाही त्यांच्या बहुमताने ज्यांचं सगळं जातं त्यांची जमीन देणं आम्हाला मान्य नाही.

निवाऱ्यात चुली जातीवर मांडल्या जाणार नाहीत, पाणी जातीवर भरलं जाणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ मध्ये मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करायला मनाई आहे. हे कलम आम्ही मोठ्या अक्षरांत शाळेच्या दारावर लावणार आहोत, कारण आमच्याकडे २०२१ मध्ये दोन वर्गांत दोन चुली का होत्या ते आम्हाला माहीत आहे. भेगेने सगळ्यांना एकत्र खाली आणलं होतं. वेगळं आम्ही केलं.

न्हाणीला आतून कडी असेल. हे एवढं छोटं वाक्य आम्ही जाहीरनाम्यात का घालतो असं विचारणाऱ्याने एकदा शाळेत पंधरा दिवस काढलेल्या बाईशी बोलावं. अंधार पडायची वाट बघत बसणं, मुलीच्या आंघोळीला चारी बाजूंनी लुगडं धरणं, पाळीच्या दिवसांत कुणाला काही सांगता न येणं. आमच्या समितीत निम्म्याहून जास्त बायका आहेत, आणि निवाऱ्याची किल्ली त्यांच्याकडे राहील. स्वयंपाक कुठे होईल, धूर कुठे जाईल हेही त्याच ठरवतील. चूल लागणारच आहे, तर ती आधी मांडून ठेवलेली बरी.

सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. धरणाने उठवलेल्या माणसांसाठी या राज्यात १९७६ पासून पुनर्वसनाचा कायदा आहे, नव्या गावठाणात कोणत्या नागरी सुविधा द्यायच्या ते ठरलेलं आहे. तो कायदा कसा राबवला गेला हे धरणग्रस्तांना विचारावं, पण निदान कागद दाखवून भांडता तरी येतं. डोंगराने किंवा नदीने उठवलेल्या गावाला तसा स्वतंत्र कायदा नाही. त्याचं नशीब त्या-त्या वेळच्या घोषणेवर आणि शासन निर्णयावर चालतं. आम्हाला कायदा हवा आहे, आणि त्या कायद्यात यजमान गाव हा शब्द हवा आहे. आज सगळे निकष बाधितांसाठी आहेत. बाधिताला मदत मिळावीच, ती वाढावी, वेळेत मिळावी. पण ज्या गावाची शाळा, विहीर, वीज आणि गायरान वापरलं जातं त्या गावाच्या नावाने एक रुपयाही कुठे मांडलेला नसतो. नव्या वसाहतीला पाण्याची टाकी होत असेल तर ती जुन्या गावालाही पुरेल अशी व्हावी. नवी घरं बांधली जात असतील तर त्याच कामात यजमान गावातली रखडलेली घरकुलं पुरी व्हावीत. शाळेसमोरच्या त्या बाईला तिचं घर मिळायला तिच्यावर डोंगर पडायची वाट बघावी लागू नये. आणि नव्या जागेची भूगर्भ तपासणी घर बांधायच्या आधी होऊन तिचा अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवला जावा.

आता वाडीतल्या आमच्या माणसांना. तुम्ही खाली आलात म्हणून आयुष्यभर मान खाली घालून राहू नका. तुमच्याकडून आम्हाला कृतज्ञता नको, हजेरी हवी. ग्रामसभेला या, बोला, आमचं चुकलं तर तोंडावर सांगा. मतदार यादीत नाव घाला. विहिरीचा गाळ काढायच्या दिवशी आमच्याबरोबर उतरा, कारण सावड एका बाजूने होत नाही. तुमची वरची खाचरं तुमचीच आहेत, त्यांची लावणी सुटू नये म्हणून पावसाला उघडीप असताना आम्ही तुमच्याबरोबर वर येऊ. आणि तुमच्या पोरांना कुणी ‘दरडवाले’ म्हणून हाक मारली तर ते भांडण तुमचं एकट्याचं नाही. ‘ग्रस्त’ हा शब्द पंचनाम्यात राहू दे. माणसाच्या नावाला तो एका वर्षाच्या वर चिकटू नये.

ज्या गावांना हे जमणार नाही त्यांनाही एक शब्द. कुणाकडे पाणीच नाही, कुणाचं गाव स्वतःच पूररेषेत आहे, कुणाकडे शाळेची एकच खोली आहे. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. एप्रिलमध्ये नाही म्हणणाऱ्या गावाला आम्ही कधीही दोष देणार नाही, त्या वाडीसाठी दुसरं गाव शोधू. जुलैमध्ये हो म्हणून ऑगस्टमध्ये तोंड फिरवणं हा मात्र गुन्हा आहे, आणि तो आम्ही केलेला असल्यामुळे हा शब्द वापरतो.

शहरातल्या वाचकांनीही हे आपलं मानावं. मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि सोसायट्यांत या वाड्यांची माणसं आजही आहेत, कुणाच्या दाराशी दूध टाकतात, कुणाच्या घरी भांडी घासतात. वाडी उठली की त्यांची म्हातारी आई दहा बाय दहाच्या खोलीत येऊन राहते. तो यजमान एकटा असतो, त्याच्यामागे गावही नसतं. त्याच्या पाठीशी त्याची सोसायटी, त्याची चाळ उभी राहू शकते का, एवढा विषय पुढच्या सभेत घ्या.

आमच्याकडे कार्यालय नाही, पावती पुस्तक नाही. चळवळीला अजून नावही ठेवलेलं नाही, ते जोडलेल्या गावांच्या पहिल्या एकत्र बैठकीत सगळे मिळून ठेवतील. आत्ता आमच्याजवळ एक वही आहे, तिच्यात दोन पानं भरली आहेत. एकावर वरच्या वाडीची नऊ घरं, माणसं आणि जनावरं. दुसऱ्यावर आमच्या गावातल्या खोल्या, विहिरी, चुलींच्या जागा आणि सह्या. पहिली सही त्या माणसाची आहे, जो आजीला पाठुंगळी घेऊन ओढा उतरला होता.

१ मे ची ग्रामसभा पावसाआधीची शेवटची असते. आपल्या ग्रामपंचायतीकडे आजच लेखी विषय द्या, की डोंगराखालून किंवा पाण्यातून माणसं आली तर आपण किती कुटुंबं, किती दिवस, कुठे ठेवू शकतो. एवढा एकच प्रश्न लिहा. उत्तर नाही असं आलं तरी ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत वरच्या वाडीला पोचवा, म्हणजे मे महिन्यात त्यांना दुसरं गाव शोधायला वेळ मिळेल.